टँकरवाल्याला चोर ठरवणारी गाडी

त्या उन्हाळ्यात आमच्या गाडीनं फक्त एकाच माणसाला चोर ठरवलं, आणि तो माणूस आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर घेऊन येत होता.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. शहर मात्र शेंद्र्याच्या दिशेनं लांबत चाललं होतं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं झाली, त्यात आमचंही झालं. नळ तेवढा आला नव्हता. तो येणार म्हणून रस्ता खोदून ठेवला होता, आणि त्या खड्ड्यांतून आठवड्याला एकदा किसनराव टँकर आणायचे. मूळचे सोयगावकडचे, शांत गृहस्थ. त्यांचा टँकर कोपऱ्यावर वळला, की आमच्या दारातली कार बोंबलायला लागायची.

गाडीत चोरीचा अलार्म होता. चार दारं, डिकी आणि बॉनेट, अशा सहा जागी एकेक बटण. झाकण मिटलं की बटण दाबलं जातं. उघडलं की सुटतं आणि भोंगा वाजतो. इतकी सोपी गोष्ट. मी कॉलेजात सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होतो, त्यामुळं गाडी इलेक्ट्रिशियनकडं न्यायचा प्रश्नच नव्हता. (माझ्या बायकोनं, सुनंदानं, तो दोनदा काढला होता.)

चौथ्यांदा भोंगा वाजला तेव्हा माझा संयम सुटला.

"किसनराव, गाडीला धक्का लागलाय," मी बाहेर येऊन म्हणालो. "त्याशिवाय ती ओरडणार नाही."

"चार हात लांबून चाललोय सर मी."

सगळी गल्ली ड्रम, बादल्या, घागरी घेऊन उभी, आणि मी गुडघ्यांवर बसून बंपर तपासतोय. ओरखडा सापडला. मी विजयानं बोट दाखवलं.

"तो तुम्ही परवा गेटला घासलात," सुनंदा मागून म्हणाली. नको तेवढ्या स्पष्ट आवाजात.

किसनरावांनी पाइप गुंडाळायला घेतला. "दर टायमाला तुमची गाडी मला चोर म्हणती. आज तुम्हीबी म्हणलात. लई झालं." आणि भरलेला टँकर तसाच मागं घेऊन ते निघून गेले. टाकीतलं पाणी हिंदकळल्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. गल्लीनं आधी टँकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

समोरच्या कांबळेबाई रिकामी बादली उचलत एवढंच म्हणाल्या, "सर, गाडी तुमची एकट्याची आहे. तहान सगळ्यांची आहे."

आता मात्र मी पेटलो. चूक कुणाची? रस्ता खोदून ठेवणाऱ्यांची, असली बटणं बसवणाऱ्या कंपनीची, एवढ्यातेवढ्यावरून रुसणाऱ्या माणसाची. आणि सगळे बघतात कुणाकडं, तर माझ्याकडं!

"अहो, तो अलार्म बंदच करून टाका ना," सुनंदा म्हणाली.

"बिघाड न शोधता अलार्म बंद करायचा? उद्या ताप आला तर थर्मामीटर फोडशील."

दोन दिवस मी बिघाड शोधला. सुनंदाला गाडीत बसवलं. मी एकेक दार उघडायचो, बटण दाबायचो, आणि छतावरचा दिवा पाहून तिनं सांगायचं: "गेला. लागला. गेला. अहो, ऊन किती आहे." दारांची आतली पॅनेलं काढली. मीटर लावला. डिकीची वायर सोलून पुन्हा गुंडाळली. सहाच्या सहा बटणं निर्दोष निघाली. मी कंपनीला तीन पानी खरमरीत पत्र लिहायला घेतलं.

"एक सांगू?" सुनंदा म्हणाली. "टँकर भरलेला येतो तेव्हाच वाजतं. रिकामा जाताना कधी वाजलं नाही."

"गाडीला काय कळतंय टँकर भरलाय का रिकामा?" मी म्हणालो. "शास्त्रात असं काही नसतं."

तिसऱ्या दिवशी पॅनेल नसलेली, उघड्या वायरींची गाडी घेऊन मी क्रांती चौकाजवळच्या जमीलभाई इलेक्ट्रिशियनकडं गेलो. सुनंदा सोबत होती. जमीलभाईंनी दारांकडं बघितलंही नाही. बॉनेट बंद करून त्यावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबलं. ते नखभर खाली गेलं, हात काढल्यावर परत वर आलं.

बॉनेट उघडून त्यांनी कडेची जाड काळी पट्टी ओढली. "सर, ये रबर किसने चिपकाया?"

मी चिकटवला होता. खड्ड्यांमधून बॉनेट खडखडायचं म्हणून, स्वतः माप घेऊन.

"इसके वास्ते बॉनेट पूरा बैठताच नै. बटन अधूरा दबता. जमीन हिली के छूटता. पास से कोई भारी गाडी जाती क्या?"

"भरलेला टँकर," सुनंदा म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली, हे तिचे उपकार.

पट्टी निघाली, भोंगा शांत झाला. पण किसनराव कसे येणार? सुनंदानं गाडी परस्पर जालना रोडकडं, टँकर भरायच्या विहिरीवर न्यायला लावली. किसनराव पाणी उपसायच्या मोटारीजवळ बिडी ओढत बसले होते. मी हात जोडले. रबर, बॉनेट, बटण, सगळं खरंखरं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं.

"म्हंजे चूक तुमचीच व्हय?"

"माझीच."

"इतके शिकलेले तुम्ही सर. कॉलेजात काय शिकवता?"

सुनंदा माझ्याकडं बघत होती.

"मराठी," मी म्हणालो.

"मंग जाऊ द्या," किसनराव समजुतीनं म्हणाले आणि उठले. "वायरीतलं तुम्हाला काय कळणार."