चिवडा, बाबा आणि एक काठी: पार्ल्याहून बोरिवली, मुलुंड, घाटकोपर

लोक रजा काढून स्पितीला जातात, केरळला जातात. मी रजा टाकली आणि गेले बोरिवलीला. मग मुलुंडला, मग घाटकोपरला. सोबत सतरा किलोचा कुत्रा. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. हसू देत! गेल्या दहा वर्षांत मी जेवढी फिरले त्यात हा प्रवास सगळ्यात भारी होता, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी तो एकदा करावाच, असं माझं ठाम मत आहे.

पण हौस म्हणून नव्हते निघाले, तेव्हा आधी कारण सांगते. पार्ल्यात तळमजल्यावरच्या आमच्या घरात आम्ही तिघं: मी, बाबा आणि चिवडा. चिवडा म्हणजे कुत्रा. पिवळा, मधेमधे काळे-तपकिरी ठिपके, म्हणून चिवडा. गेल्या वर्षी वाकोल्याच्या एका गॅरेजमागून उचलून आणला, तेव्हा मागच्या पायावर काठीचा वळ होता. बाबांनी आधी खूप नाकं मुरडली आणि मग रोज सकाळी चहात बुडवलेली खारी अर्धी त्याला द्यायला लागले. माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त जमायचं.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून घरी आले ते हातात काठी घेऊन. दारात काठी टेकली, टक्क आवाज झाला आणि चिवडा वेडापिसा झाला. झेप घेऊन त्यानं काठी दातात धरली, ओढली आणि बाबा पडले. नवा गुडघा वाचला, नशीब म्हणायचं. त्याच संध्याकाळी ते ताईकडे घाटकोपरला गेले ते गेलेच. दोन महिन्यांनी फोनवर म्हणाले, "नंदू, एक तर तो, नाहीतर मी. दिवाळीच्या आत काय ते ठरव." देवगडचा चुलतभाऊ कुत्र्याला आंब्याच्या बागेत न्यायला तयारच बसला होता. मी म्हटलं, "दोघंही. दिवाळीला दोघंही घरात असणार." फोन ठेवल्यावर जाणवलं, वाट लागली. म्हणायला म्हटलं, आता करणार काय?

पहिला मुक्काम बोरिवली. एका मैत्रिणीनं कुत्र्यांसाठी वर्ग घेणाऱ्या केतकी नावाच्या बाईंचा पत्ता दिला होता. सकाळी साडेसहाला रिक्षा शोधायला उभी राहिले. चार रिक्षावाले कुत्रा बघून नुसती मान हलवून गेले. पाचव्यानं विचारलं, "चावतो का?"

"तो नाही चावत. मी चावते."

"बसा मग," तो म्हणाला. हायवेनं तासाभरात पोचलो, तीनशेच्या आसपास झाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: सीटवर घालायला जुनी चादर घ्या, पाण्याचं भांडं घ्या, निघण्याआधी कुत्र्याला खाऊ घालू नका आणि गोरेगावची गर्दी सुरू व्हायच्या आत ते पार करा.

केतकीचा वर्ग एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली भरतो. तिथे कुत्री शिकत नाहीत. कुत्र्यांना शिकवायचं कसं, हे माणसं शिकतात. सहा जण सतरंजीवर बसले होते. केतकी तिशीतली, आवाज बारीक पण हुकमी. तिनं चिवड्याला सावलीत बांधलं, पाणी ठेवलं आणि मला म्हणाली, "त्याला बघू दे. आज कुत्रा तुम्ही."

"म्हणजे?"

"जिन्यात जाऊन उभ्या राहा. आम्ही ठरवतो तुमच्याकडून काय करून घ्यायचं. कोणी बोलणार नाही. बरोबर दिशेनं गेलात की हे वाजेल." तिनं हातातली छोटी डबी दाबली, टक्क. "टक्क वाजलं की चिक्कीचा तुकडा. बस."

मला वाटलं, सोप्पं आहे. आत आले, पुढे गेले, काही नाही. डावीकडे वळले, काही नाही. हात वर केले, उडी मारली, सहाही चेहरे ढिम्म. पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं. "अरे सांगा ना यार, काय करू?" कोणी हूं की चूं केलं नाही. खरं सांगते, शेहेचाळिसाव्या वर्षी मला गच्चीवर रडू यायला लागलं. समोरच्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय आणि ते काय हे मला कळत नाही, यासारखी घाण भावना नाही. वैतागून मागे सरकले तर टक्क! चिक्की. अजून मागे, टक्क. पायाला उपडी बादली लागली, टक्क. मी त्या बादलीवर बसले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

"हीच," केतकी म्हणाली, "ही ट्यूब पेटते ना, तेवढ्यासाठी मी हे करते. आधी सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिथे चूक सापडली की कोणी शेपटी हलवत नव्हतं."

मग तिनं चिवड्याकडे बघत माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काठी म्हणजे मार, हे त्याला कोणीतरी वाकोल्यात शिकवलंय. एकदम पक्कं शिकवलंय. ते पुसता येणार नाही. त्याच्यावर दुसरं शिकवायचं. काठी आधी नुसती लांब जमिनीवर पडलेली असू दे. मग हातात. मग टेकवायची. दर वेळी काठी दिसली की चिकन, वाजली की चिकन. तो गुरगुरला तर समजायचं, आपण घाई केली."

खाली येऊन मिसळ खाल्ली, चिवड्यानं मी घरून आणलेलं चिकन खाल्लं आणि परतीच्या रिक्षात दोघंही झोपलो.

पुढचे आठ दिवस घरी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आणि उकडलेलं चिकन. पहिल्या दिवशी चिवडा टेबलाखालून बाहेर येईना. पाचव्या दिवशी दांड्याला नाक लावलं. आठव्या दिवशी मी दांडा टेकवला की हा पळत येऊन समोर बसायला लागला. झकास! गेटवर वॉचमननं काठी आपटली तर तिथेही जाऊन बसला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, ये तो सलाम ठोक रहा है." मी ताईला फोन करून सांगून टाकलं, बाबांची बॅग भर. केतकीला कळवलं तर ती म्हणाली, "छान. पण माझ्या सरांना एकदा दाखवा. मुलुंडला असतात." मला जरा रागच आला. आता काय दाखवायचं राहिलंय?

तरी गेले. पवईमार्गे मुलुंड म्हणजे चिवड्यासाठी सहलच, तलावाच्या कडेनं रिक्षा जाताना त्याचं अर्धं अंग बाहेर. केतकीचे सर, सावंतकाका, मैदानाच्या कोपऱ्यात वाट बघत होते. सत्तरीचे, अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट, बगलेत थर्मास. पोलिसांच्या श्वानपथकात उभं आयुष्य गेलेलं.

"दाखव बगूया," ते म्हणाले. मी ऐटीत दांडा टेकवला. चिवडा येऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. काकांनी स्वतःची काठी टेकवली. चिवडा त्यांच्यासमोर बसला आणि मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. काका खो खो हसले.

"अगो, तो काठीवाल्याकडे बगताहा काय? तो तुझ्याकडे बगताहा. चिकन कोण देता? तू. काठी कोणाचीय वाजांदे, देणारी तूच. उद्या वडील काठी घेऊन इले आणि तू ऑफिसाक गेलंस, मगे?"

 आठ दिवसांची माझी ऐट एका मिनिटात उतरली. "ही चूक सगळे हुशार करतत," काका म्हणाले. "ज्येची काठी, खाऊ त्येच्याच हातातून व्हयो."

मग त्यांनी थर्मासमधून स्टीलच्या पेल्यात काठोकाठ चहा ओतला, पट्टा माझ्या कमरेला बांधला, पेला हातात दिला. "आता चल. चा सांडाक नको." समोरून काठी टेकवत ते स्वतः आले. काठी दिसताच माझा हात आवळला, कंबर मागे गेली, पट्टा ताठला, चिवडा गुरगुरला आणि चहा माझ्या कुर्त्यावर.

"बगलंस? आधी तू भियालंस, मगे तो."

पाऊण तास तेच. चौथ्या पेल्याला कुठे मी न सांडता मैदान ओलांडलं. मग सावलीत बसून काकांनी राणीची गोष्ट सांगितली. राणी म्हणजे त्यांची लॅब्रेडॉर. मोठे साहेब आले की काकांचा हात घट्ट व्हायचा आणि राणी साहेबांवर भुंकायची. दोनदा बोलणी खाल्ली. तेव्हापासून काकांनी कुत्र्यांपेक्षा स्वतःचा हात शिकवायला घेतला, पेल्याची युक्ती तिथलीच. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. "माणसाचो हात सैल झालेलो बगूक माका बरा वाटता," ते म्हणाले. "तोंडान काय बोलतत ता मी ऐकतच नाय." फी विचारली तर म्हणाले, चहा तूच सांडलंस, उद्याचा तू आण. आणि वडील कुठले, म्हणून विचारलं. मी देवगड म्हटल्यावर पेला खाली ठेवला. "मगे मी येतंय घाटकोपराक."

घाटकोपरला सकाळी दहाला, शाळा-ऑफिसची वर्दळ ओसरल्यावर, ताईच्या सोसायटीच्या आवारात बाबा बाकावर बसले होते. काठी दोन गुडघ्यांच्या मधे. चिवड्यानं त्यांना लांबूनच ओळखलं, शेपटीसकट अर्धा कुत्रा हलायला लागला. मग त्याला काठी दिसली आणि तो जागच्या जागी थिजला. माझ्या हातात काठोकाठ पेला होता. सांडला नाही.

"तिथेच थांब," बाबा ओरडले. "जवळ आणू नकोस."

काकांनी चिवड्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांच्या शेजारी बसले. "खंयचे तुम्ही?" झालं! पुढचा अर्धा तास देवगडचा बाजार, सुंगटांचे म्हणजे कोलंबीचे भाव आणि दोघांच्या शाळेतले मारकुटे मास्तर. चिवडा कंटाळून वीस फुटांवर लवंडला. मग काका सहज म्हणाले, "आता काठी जरा वाजवा बगूया. हळू."

"नको. मला नाही जमायचं."

"कित्या? कुत्र्याक भियातास?"

बाबांनी ऑपरेशनच्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुत्र्याक कोण भियाता? पडाची भीती वाटता. त्या दिवशी पडलंय तो उठाक येयना. ह्या पोरीन उचलल्यान माका. इतकी लाज वाटली."

हे मला माहीत नव्हतं. दोन महिने मला वाटत होतं, ते चिवड्यावर चिडलेत. चहा सांडला, अर्ध्याहून जास्त, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"त्याकाय भीतीच वाटता, काठीची," काका चिवड्याकडे बोट करून म्हणाले. "वाजवा तुम्ही."

बाबांनी काठी टेकवली, टक्क. चिवडा उठून बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी खिशातल्या चिकनकडे हात नेला तर काका खेकसले, "ए, तू पाठ कर!" मी पट्टा हातातून सोडून दिला आणि पाठ केली. समोर पाण्याची टाकी आणि कोणाचीतरी सायकल. मागे टक्क. मग शांतता. परत टक्क. इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं, देवगडला फोन करावा लागणार. आणि मग कुरकुर असा आवाज आला. कोणीतरी काहीतरी चावत होतं.

मी वळले. चिवडा बाबांच्या समोर बसलेला, हनुवटी त्यांच्या नव्या गुडघ्यावर. बाबांच्या हातात अर्धी खारी. म्हणजे हा माणूस सकाळीच खिशात खारी घालून आला होता आणि वर म्हणत होता, जवळ आणू नकोस!  

दिवाळीच्या चार दिवस आधी बाबा घरी आले. लगेच सगळं गोडगोड झालं असं सांगणार नाही. एकदा काठी भिंतीवरून घसरून धाडकन पडली तेव्हा चिवडा गुरगुरला आणि बाबांचाही चेहरा पडला. पण दोघंही आपापल्या जागी परत बसले. कोणी असा प्रवास करणार असेल तर एवढंच सांगते: पंधरा दिवसांची रजा, बरंच चिकन, डाग पडले तरी चालतील असे कपडे आणि घरातल्या ज्या माणसामुळे अडलंय त्याला शेवटी सोबत घ्या. त्याच्याशिवाय सगळं शिकून उपयोग नाही. मी ते करून बघितलंय.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता काठी सोडा. बाबांनी घरी येऊन ती दारामागे टांगली, जरा मिरवतच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आणि खारी घेऊन खुर्चीत बसले आणि चिवड्याला हाक मारली. चिवडा आला नाही. तो दारामागे, टांगलेल्या काठीखाली शहाण्यासारखा बसला होता, वर बघत.

बाबांनी कप खाली ठेवला. काही न धरता उठले, सरळ चालत दारापर्यंत गेले, काठी काढून आणली आणि खुर्चीत बसून टेकवली.

"बाबा, डॉक्टरांनी सोडायला सांगितलंय ना?" मी म्हटलं.

"मी सोडली गं," ते खारी मोडत म्हणाले. "त्याला लागते."