तांड्याच्या विहिरीची बाटली

पाण्यावर संतापणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला आणि तो आमच्याच नशिबी आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. लोक माणसांवर रागावतात, हे पाण्यावर रागवत. कोणी तांब्या पुढे केला की तो उजेडात धरून असा न्याहाळायचे, जसा काही आत चोर लपलाय. नेरला एका लग्नात वधूपित्याने हातात पन्ह्याचा पेला दिला, तर भर मांडवात ओरडले, "पन्हं असू द्या, पाणी कोन्या विहिरीचं ते सांगा!" वधूपित्याला वाटलं, हे मानपानावरून रुसले. बिचारा धावत जाऊन उपरणं घेऊन आला. भाऊजींनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि पुन्हा विचारलं, "विहीर कोणती?"

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. शहरातल्या युनिव्हर्सिटीच्या इंजिनियरिंग कॉलेजात पाणी नि सांडपाणी तपासायची मोठी प्रयोगशाळा बांधली होती. तिथे भाऊजी नमुने आणायच्या आणि तपासायच्या कामावर होते. तिचं कौतुकही ते रागानेच सांगत. "फरशी अशी का तोंड दिसते. जंतू वाढवाची नवी पेटी परदेशातून आली, ते चादर पांघरून उद्घाटनाची वाट पाहून राह्यली. आन आमी जुन्या खोक्यात काम करून राह्यलो. नळाले तं पाणीच नाही! पाण्याच्या प्रयोगशाळेत मी घरून घागर नेतो, साळीबाई!" मी हसले की ते आणखी भडकत. आज लिहिताना मात्र माझंच डोकं तापतं. एवढी इमारत, एवढी यंत्रं, आणि खेड्यातलं पाणी तिथवर न्यायला साधी गाडी नाही? भाऊजी पत्र्याच्या पेटीत लाकडाचा भुसा, भुशात बर्फ, बर्फात बाटल्या असा संसार घेऊन एसटीने हिंडत. कंडक्टर म्हणाला पेटी टपावर टाका, की हे बसपुढे आडवे उभे. मग आमच्या बोरी अरबच्या स्टँडवरून कोणीतरी पळत मलाच सांगायला यायचं, "बाई, चाला लवकर, तुमचे पाहुणे पेटले!"

आमच्या गावाबाहेर तांडा होता. एके काळी बैलांवर माल लादून मुलुख फिरलेली माणसं, आता तिथेच शेती करत. त्यांची विहीर एकच, तीही नाल्याच्या काठाला, उघडी. पावसाळ्यात नाला सरळ विहिरीत. दरवर्षी तिथली लेकरं हगवणीने पडत, आणि पडलेली सगळी उठत नसत. तहसिलीतले साहेब म्हणायचे, पाणी वाईट असल्याचा कागद आणा, मग नवी विहीर मंजूर करू. म्हणजे लेकरं गेली हा पुरावा नव्हे, कागद हा पुरावा! भाऊजी तो कागद मिळवायला आले. दोन विहिरी गावातल्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या आणि तांड्याची बाटली संध्याकाळी माझ्या हाती दिली. "सकाळी बसच्या आधी भरून आण. बाटली आतून निर्जंतुक हाय, धुवाची नाही, पुसाची नाही. हे कोर्टातली साक्षीदार हाय समज. साक्षीदाराले पढवाचं नाही."

उजाडता उजाडता मी तांड्यावर पोचले. तांड्याचा म्होरक्या म्हणजे नायक; त्याच्या आईला सगळे याडी म्हणत, म्हणजे आईच. तिने पोहरा ओढला, पाणी पाहिलं आणि तोंडच पाडलं. "बाई, असं गढूळ पाणी मोठ्या लोकायच्या घरी धाडाचं? काय म्हनतीन ते आमाले?" तिच्या दारातून काही जायचं तर ते चांगलंच जायला हवं. आणि मी तरी कुठली शहाणी! मलाही पटलं. आम्ही दोघींनी तिच्या कोऱ्या ओढणीतून पाणी गाळलं, बाळंतिणीला उकळतात तसं खळखळ उकळलं, परातीत गार केलं. बाटली मी राखेने लख्ख घासली. तांड्याचं नाव राखलं म्हणून आम्ही दोघी किती खूश!

रिपोर्ट आला, पिण्यास योग्य. तहसिलीने विहिरीचा कागद बांधून ठेवला. त्या पावसाळ्यात याडीचा नातू गेला.

पाणी उकळल्याचं मी कोणालाच सांगितलं नाही.

भाऊजी मात्र पेटून उठले. नमुना पुन्हा घ्या म्हणून प्रयोगशाळेच्या साहेबांच्या मागे लागले. साहेब म्हणाले, "रिपोर्ट झाला, विषय संपला." मग उद्घाटनाचा दिवस आला. पाहुणे जमले, नळ कोरडेच. शिपाई पाण्यासाठी सैरावैरा. तेवढ्यात भाऊजी काचेच्या पेल्यांतून गढूळ पाणी घेऊन हजर. साहेबांपुढे पेला धरून म्हणाले, "घ्या साहेब. तांड्याच्या विहिरीचं हाय. पिण्यास योग्य, तुमचीच सही हाय." एकाचाही हात पुढे आला नाही. "तुमाले चालत नाही, मंग लेकरायले कायले पाजता?" हे त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं म्हणे, की त्या परदेशी पेटीवरची चादर काढायचीही लोक विसरले.

साहेबांनी दुसऱ्या नमुन्याला होकार दिला, पण किंमत वसूल केल्याशिवाय नाही. पहिल्या वेळी चूक कोणाची झाली ते लिहून द्या म्हणाले. भाऊजींनी लिहून दिलं, "माझी." दुसरा कागद वाईट आला, विहीर मंजूर झाली, आणि भाऊजींना प्रयोगशाळेतून उचलून सामानाच्या खोलीत बसवलं. नळाला पाणी नव्हतं, त्यासाठी कोणाला कुठे बसवल्याचं मी ऐकलं नाही.

नव्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी भाऊजी रजा काढून आले. याडीने पहिला तांब्या त्यांच्याच हातात दिला. सवयीने त्यांनी तो उजेडात धरला. मग माझ्याकडे वळून, आयुष्यात कधी काढला नसेल अशा हळू आवाजात म्हणाले, "उकळलं तं नाही ना, साळीबाई? तवा बाटलीच्या बुचाखाली राख होती, रिपोर्ट गेल्यावर दिसली."

इतके दिवस त्यांना ठाऊक होतं. जगाशी भांडले, मला एक शब्द नाही. मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी तो तांब्या घटाघटा रिकामा केला आणि याडीपुढे धरला, "आणखी दे, माय."

आता भाऊजी नाहीत. पावसाळ्यात मी पाणी उकळायला ठेवते, तेव्हा वाटतं, दारातून कोणीतरी खेकसून विचारावं, विहीर कोणती म्हणून.