माझ्या अर्जाने बंद झालेलं फाटक

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, आत्याआजी आता विहारात का जात नाही. तुमचा बाबा हसत म्हणाला, "वय झालं, आळस आला." आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तिला आळस माहीत नाही. ते वाक्य तेव्हापासून मला सलतंय, म्हणून आज लिहायला बसले. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो. लागू दे. इंग्रजीत मी मुद्दाम लिहीत नाहीये. का, ते पुढे कळेल.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी लोकलचं स्टेशन आहे. मेट्रोसारखं डोक्यावर नाही, रस्त्याच्या पातळीवर. फलाटाच्या टोकाला एक लोखंडी फाटक होतं, सदा उघडं. कॉलेजची मुलं, भाजीवाल्या, खुद्द स्टेशनातले कर्मचारी, सगळे तिथूनच ये-जा करत. अधिकृत दार रुळांपलीकडे, पुलाचे जिने चढून उतरून. आत्याआजीच्या गुडघ्यांना ते जिने झेपत नाहीत आणि रिक्षाचे धक्के पाठीला सोसत नाहीत. फाटकातून मात्र ती दर रविवारी एकटी लोकलने विहारात जायची. तिथल्या मुलांना वंदना तीच शिकवायची.

फाटकाच्या आत, फलाटाच्या टोकाला, ना सावली होती ना बसायला जागा. एका उन्हाळ्यात मी ठरवलं, रेल्वेकडे अर्ज करायचा. आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई मी. विषय, संदर्भ, क्रमांक घातलेले मुद्दे, सगळं चोख इंग्रजीत लिहिलं. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं की ही वाट अधिकृत नसली तरी अनेक वृद्ध रोज हिचा वापर करतात, तेव्हा इथे एक बाक आणि छप्पर द्यावं. जे खरं ते लिहायचं, असं मी मुलींना शिकवत आले होते.

"वहिनी, मी उभी राहते की," आत्याआजी म्हणाली. "कागद कशाला करता?"

मी ऐकलं नाही. महिन्याभरात गवंडी आले आणि एका दिवसात फाटकाच्या जागी विटांची भिंत उभी राहिली.

अर्जाची प्रत घेऊन मी स्टेशनात गेले. तिथल्या बाबूने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाइलमधून माझाच अर्ज काढला. तिसऱ्या मुद्द्याखाली लाल रेघ होती.

"अम्मा, आपइच तो लिखे, ये रास्ता अधिकृत नहीं है बोलके. हम क्या करते?"

"मैंने बेंच माँगी थी," मी म्हटलं.

"बेंच के वास्ते अलग अर्जी डालना पड़ता."

मला अजून त्याचा राग येतो, आणि त्याच्याहून जास्त त्या लाल रेघेचा. इतकी वर्षं सगळे त्या फाटकातून गेले, तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. कागदावर आलं तेव्हा दिसलं, आणि तेही फक्त बुजवण्यापुरतं. भिंतीला माणसं मिळतात, विटा मिळतात. म्हातारीला चढता येईल असा उतार बांधायला मिळत नाहीत. त्यानंतर मी आणखी चार अर्ज केले. "नोंद घेतली आहे," एवढंच उत्तर येतं. आता मी शब्द जपून लिहिते, आणि जपून लिहावे लागतात याचीही चीड येते.

आत्याआजी मला एकदाच बोलली. "पोरींना इंग्रजी शिकवलंत ते बरं केलंत वहिनी. स्टेशनाला कशाला शिकवायचं?"



विहारात येणाऱ्या, बरकतपुरा भागात राहणाऱ्या दोघीजणींना हे कळलं. आता त्या दर रविवारी आपल्या स्टेशनावर उतरतात, विहारातल्या मुलांना घेऊन पूल ओलांडतात आणि वळसा घालून गल्लीत येतात. मी घरून प्लास्टिकची खुर्ची नेते.

फाटक गेलं. दर रविवारी दहा वाजता, त्याच भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूला, कडुलिंबाखाली बसून आत्याआजी मुलांना वंदना शिकवते. सध्या सात मुलं येतात.