डबा बंद करायचा नाही

"चालू यंत्र बंद करतो तो गाढव, आणि ते पुन्हा चालू होईल असं समजतो तो महागाढव," असं मामा एकदा म्हणाले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळी नोकरी काढलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात एकच चालू यंत्र उरलं: बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या वर, इंटरनेट कंपनीने भिंतीला ठोकलेला डबा. त्याच्या हिरव्या दिव्यांकडे ते येता-जाता बघत. दिवे त्यांच्याकडे बघत नसत, पण संसारात तेवढं चालतं.

डब्याचा जोर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. त्यामुळे दूरदेशी असलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की मामींना बाहेर येऊन मामांच्या शेजारीच बसावं लागे. मामा पेपर वाचत. तासभर एकच पान. मधूनच पेपरामागून आवाज यायचा, "तिला सांग, घसा दुखतोय तर गार पिऊ नकोस म्हणावं." स्वतः मात्र फोन घेत नसत. कुणी हातात दिलाच तर "हं, बरं, आईला देतो," की संपलं.

शेवटी मामींनी स्वतःचा राउटर विकत आणला आणि तो जोडायला मला, भाच्याला, बोलावलं. लेकीशी चार शब्द एकटीने बोलता यावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

मी लांब वायर ओढली. एक टोक कंपनीच्या डब्यात, दुसरं घराच्या मधल्या बोळात ठेवलेल्या राउटरमध्ये. राउटरवर लाल दिवा लागला तो लागलाच. डबा नव्या पाहुण्याला ओळखच देईना. तो एकदा बंद करून चालू करायला हवा होता.

मामा डब्याखाली येऊन उभे राहिले. लाल दिवा आपोआप जातो, म्हणाले. वायरच खराब असेल, म्हणाले. मग पंप बंद केल्यामुळे अख्खं गाव कोरडं पडल्याची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकतोय. दरवेळी गाव थोडं मोठं होतं.

मामी ओले हात पुसत बाहेर आल्या.

"यांना डब्याची काळजी नाही रे. मी आत गेले तर यांना खरोखरच पेपर वाचावा लागेल, त्याची धास्ती आहे."

 शेवटी मामांनीच हात वर केला आणि बटण दाबलं. दिवे गेले. यंत्र थांबल्यावर खोलीत जी शांतता उतरते ती त्यांच्या जुन्या ओळखीची असावी. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पुन्हा बटण दाबलं. दिवे एकेक करून उगवले, आणि बोळातला लालही हिरवा झाला.

संध्याकाळी लेकीचा कॉल आला. मामी ऐटीत आत गेल्या. मामांनी पान उलटलं. पुन्हा उलटलं. आतून हसणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. पेपर संपला. मग सिग्नल बघून येतो म्हणत ते उठले, आणि त्यांच्यामागून मीही.

"बघा की," मामी म्हणाल्या, "अगदी स्वच्छ येतोय. मागच्या अंगणातसुद्धा येतो."

"बाबा आहेत का तिथे?" फोनमधून लेकीने विचारलं.

मामांनी मामींच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, मागचं दार उघडलं, आणि बाहेर जाऊन ते आपल्यामागे लावून घेतलं.