ड्रमच्या माइकमधली ताई

ड्रमरची थोरली बहीण, म्हणून ती सगळ्या बँडची ताई. व्हॅन चालवायची, स्पीकर उचलायची, केबली गुंडाळायची. कुणी एखादी उलटी गुंडाळली तर अख्खा हॉल डोक्यावर घ्यायची. धाकट्याला लहानपणी झोप येत नसे, तेव्हा त्याच्या पाठीवर ठेका धरून गायचीही. ते कुणी गाणं म्हणून धरलं नव्हतं.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं करायचं आणि नेमका गायकाचा घसा बसला. "ताई, तुम्ही म्हणा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "वाजवणाऱ्यांना नुसता आधार. नंतर पुसून टाकू."

ती ड्रमला खेटून उभी राहून गायली. घसा मोकळा झाल्यावर गायकाने आपला आवाज भरला, तिचा पुसला. तरी ती खालून ऐकू येतच राहिली.

"ड्रमच्या माइकमध्ये ताईंची गळती आहे," रेकॉर्डिस्ट हेडफोन काढत म्हणाला.

"माझी काय?"

"तुमचा आवाज ड्रमच्या माइकमध्येही शिरलाय."

"मनावर घेऊ नका हो," गायक हसला. "राहू दे तसंच. मागे भूत गातंय असं वाटतं. झकास!"

"भूत? जिवंत आहे मी. व्हॅनची चावी माझ्या खिशात आहे. घरी चालत जायचंय?"

सगळे हसले. तिने भावाकडे पाहिलं. तो सैल न झालेला स्क्रू पिळत बसला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एक तर माझा आवाज नावासकट वर घ्या, नाहीतर पुसा."

"पुसायचा तर ड्रम पुन्हा वाजवावे लागतील."

"वाजवा मग!"

सगळे वाजवायला बसले, ती काचेबाहेर जाऊन उभी राहिली. गाणं सुरू झालं. गाताना अंतऱ्याआधी ती लांब श्वास घ्यायची, तो ऐकूनच भाऊ ठोका टाकायचा. आता त्याची काठी वर गेली ती तिथेच राहिली. गिटार पुढे निघून गेली. पुन्हा सुरुवात, पुन्हा काठी अधांतरी. भावाने काचेतून पाहिलं, झोप न आलेल्या पोरासारखं. तिची छाती आपोआप श्वासाने भरली. तिने ओठ घट्ट मिटले.

गायकाने दार उघडलं. "ताई, जरा आत येता? नुसता आधार..."

"माइक लावलाय का मला?"

भाऊ उठला. आपल्या ड्रमपुढचा माइक स्टँडसकट उचलून दाराशी आला. मागे केबल गुंता होऊन फरफटत होती.

"आधी ती सरळ कर," ती म्हणाली.