बिराप्पाचा अंगठा आणि कासवाची पाठ

बिराप्पा हायस्कुलात शिपाई म्हणून लागला ते साल चौऱ्याहत्तर. लागला म्हणजे हंगामी. तपासणीच्या साहेबांनी चांगला शेरा दिला, तर कायम होणार होता. त्यामुळे कवठे महांकाळच्या त्या शाळेत तपासणीच्या आठवड्यात सगळ्यांत जास्त काम त्यानंच केलं, आणि घोळही त्यानंच घातला.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या बरण्या त्यानं राखेनं अशा लख्ख घासल्या, की धुळीबरोबर नावांच्या चिठ्ठ्याही गेल्या. फळीवरच्या दोन पाट्या तेवढ्या उरल्या : 'पृष्ठवंशीय' आणि 'अपृष्ठवंशीय'. विज्ञानाचे मास्तर लग्नाला जतला गेलेले. हेडमास्तर इतिहासाचे. "पाठीत कणा असलेले उजवीकडं, नसलेले डावीकडं," एवढं सांगून तेही घाईनं निघून गेले.

एवढंच ना? बिराप्पाची निम्मी हयात मेंढरांत गेलेली. बाजारात मेंढराच्या पाठीवरनं अंगठा फिरवायचा, लोकरीखाली कणा किती टोचतो त्यावरनं अंगातलं मांस ओळखायचं, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं बाह्या सारल्या आणि एकेकाला बरणीतून काढून अंगठा लावला. साप, बेडूक, मासा, पाल उजवीकडं. गांडूळ, जळू, विंचू, खेकडा डावीकडं. शेवटी कासवाची वाळकी, पोकळ पाठ राहिली. तिच्यावरनं अंगठा नुसता घसरला. कासव खेकड्याशेजारी गेलं.

बरण्यांतल्या औषधाच्या वासापायी बायकोनं, धोंडुबाईनं, दोन दिवस त्याला अंगणातच वाढलं. "हातबी तिकडंच ठिवून यायचं हुतं," म्हणाली. गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं.

साहेब आले आणि नेमके कासवापाशी थांबले.

"हे इथं कुणी ठेवलं?"

हेडमास्तरांनी तत्परतेनं बिराप्पाकडं बोट केलं.

"मीच, सायेब. अंगठ्याला कणा लागला न्हाई."

"कसला अंगठा?"

बिराप्पानं मेंढरापासनं सगळं सांगितलं. साहेबांनी न हसता कासवाची पाठ उलटी केली.

"आता लाव."

आतल्या बाजूला, मण्यांची माळ चिकटवावी तसा कणा. बिराप्पाचा अंगठा त्यावरनं दोनदा फिरला.

"व्हय की! बेण्यानं आतनं लपवलाय!"

त्यानं स्वतःच कासव उचलून उजवीकडं नेलं. साहेबांनी बाकीच्या बरण्या पाहिल्या. एकही चूक नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"इथला बाजार कधी असतो?"

"उद्या, सायेब."

"मला एक मेंढरू घ्यायचंय. घरी जत्रेचे पाहुणे आहेत. येशील?"

शेरा जत्रेनंतर टपालानं आला : 'शिपायास प्राण्यांचे ज्ञान उत्तम. कायम करावे.'

मटण चांगलं निघालं असणार.