कमानीचे दगड

दादा गेल्याची तार मुंबईहून आली, तेव्हा मनात पहिलं आलं ते ‘सुटला बिचारा’. दम्यानं शेवटी शेवटी त्याला धड आडवंही पडू दिलं नव्हतं. भावाच्या मरणानं बहिणीला हायसं वाटावं, हे लिहिताना ओशाळायला होतं. पण वाटलं ते वाटलं.

बोटीवर कारकून होऊन दादा शांघायपर्यंत जाऊन आला, तेव्हा रत्नागिरीत आमच्या घरी आनंदापेक्षा पंचाईतच अधिक झाली. समुद्र ओलांडलेला मुलगा घरात घ्यायचा कसा? प्रायश्चित्त होईपर्यंत आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याचं पान पडवीत मांडलं. दादाला त्याचं काहीच नव्हतं. संध्याकाळी शेजारीपाजारी पडवीत जमत आणि तो तिकडे पाहिलेले चिनी मूकपट रंगवून सांगे. पडद्यावरची अक्षरं चिनी; अर्थ बोटीवरच्या चिनी आचाऱ्यानं कानात सांगितलेला. तिथल्या सासवा, तिथली जेवणं, बांधून बांधून बारीक केलेली बायकांची पावलं... आम्ही बायका माजघराच्या दाराआडून ऐकत असू. मी सगळ्यांच्या मागे. नवरा वारल्यामुळे मी नुकतीच माहेरी आले होते, पोरवयातच, आणि माझे केस काढायला न्हावी कधी यायचा तो दिवस आप्पांनी ठरवून टाकला होता. मनानं ते वाईट नव्हते. लोक काय म्हणतील, यापुढे त्यांचं काही चालत नसे. दादानं वाद घातला नाही. आप्पांशी वाद म्हणजे कातळावर नांगर.

न्हावी यायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं एका विधवेचा सिनेमा सांगायला घेतला. पांढऱ्या कपड्यांतली कोवळी पोर. ती जन्मभर तशीच राहिली की तिच्या नावानं गावात दगडी कमान उभारायची, असा तिकडचा रिवाज. सासऱ्यानं दगडसुद्धा आणून टाकलेले. आप्पांचा हात गोमुखीत, पण कान इकडे. जपात बोलू नये हे विसरून ते एकदम कडाडले, “कमान कसली डोंबलाची? पोरीनं काय दगड चाटायचेत?”

आप्पांचा जप थांबला तो थांबलाच... गोमुखी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मग पुढं काय झालं रे तिचं?”

“सासऱ्यानं दगड परत पाठवले,” दादा म्हणाला. “तिला शाळेत घातली.”

सकाळी न्हावी आला. आप्पांनी त्याच्या हातावर नारळ ठेवला आणि त्याला परत पाठवलं. मी माजघरात केसांतून नुसता हात फिरवत राहिले. इतकं सुटल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही. पुढे शिकले, मास्तरीण झाले; अजून शिकवते.

परवा दादाच्या बोटीवरच्या खलाशांचे मुकादम, नाटे गावचे म्हातारे तांडेल, समाचाराला आले. बोलता बोलता त्या सिनेमाचा विषय निघाला.

“मी पन व्हतो ना संगती,” ते म्हणाले. “ती पोर शेवटी हिरीत जीव देते, बाय. आमी सगले रडलो. तुमचा दादा तर भायेर येऊन धक्क्यावर बसला.”

मला हसू आलं, मग रडू आलं.

“नाही हो तांडेल,” मी म्हटलं, “ती जगली. उद्या तिची शाळा आहे.”